सहाचे बारा

नवी मुंबईत जुनी वस्तू बाळगणं हा एक प्रकारचा बंडखोरपणाच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हापासून इथला सगळा कारभार नवेपणाच्या बोलीवर चाललेला. इमारत तिशीत आली की पुनर्विकासाच्या बैठका सुरू होतात, आणि बैठकीत चहा देणारा पोऱ्यासुद्धा 'कार्पेट किती वाढवून देणार?' असं विचारून जातो. अशा गावात, स्टिल्ट पार्किंगमध्ये, दोन पांढऱ्या एसयूव्हींच्या मधल्या फटीत एखादी जुनी बजाज चेतक उभी असली, तर सोसायटी तिच्या मालकाकडे ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं ती मेंटेनन्स थकवणाऱ्याकडेही बघत नाही. थकबाकीदार निदान कधीतरी पैसे भरेल, अशी आशा असते.

नेरूळला आमच्या मामांची अशी एक चेतक आहे. मामा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, त्या जागी काचेचं आयटी पार्क उभं राहिलं आणि त्याच आयटी पार्कात मामांचा मुलगा नोकरीला लागला. म्हणजे बापलेक एकाच पत्त्यावर कामाला गेले, फक्त मधे तीन मजली तळघर आलं. या सगळ्या उलथापालथीत टिकून राहिली ती चेतक. तिच्यामुळे मामा दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करतात, हरित कर भरतात, आणि 'ही काढून का टाकत नाही?' असं विचारणाऱ्याशी पुढचे सहा महिने बोलत नाहीत.

ज्यांना तो काळ ठाऊक नाही, त्यांना ही माया कळायची नाही. चेतक १९७२ साली आली. आकुर्डीच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची आणि थेट कुणाच्या तरी पत्रिकेत जाऊन बसायची, कारण पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुंजीत नंबर लावला तर लग्नात स्कूटर, असा साधारण हिशेब. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे. त्यामुळे आखातात असलेल्या मेहुण्याला त्या काळी सासरी जो मान होता, तो पुढे अमेरिकेतल्या जावयालाही मिळाला नाही. ज्यांच्याच्यानं थांबवत नसे ते साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनणाऱ्या 'प्रिया'कडे वळत, आणि मग 'प्रियाच बरी, ॲव्हरेज जास्त देते' असं आयुष्यभर सांगत राहत. मामा थांबले. एवढं थांबून मिळालेली वस्तू माणूस केवळ वापरत नाही, तिचं पेन्शनसुद्धा काढतो.

अडचण एकच होती. त्या चेतकची वीज होती सहा व्होल्टची.

मामांच्या मॉडेलला बॅटरीच नाही. इंजिन फिरलं की मॅग्नेट फिरतो, मॅग्नेट फिरला की कॉइलमध्ये वीज तयार होते, आणि ती जशी तयार होईल तशी सरळ दिव्याला जाते. मधे कुणी विचारणारा नाही. इंजिन जोरात तर दिवा जोरात, इंजिन हळू तर दिवा हळू. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये उजेड ठीक असतो. सिग्नलला गाडी थांबली की दिव्याची तार लाल होते, आणि पुढचा रस्ता दिसायचा बंद होऊन फक्त दिवाच दिसायला लागतो. म्हणून मामा सिग्नलला उभे राहून ॲक्सिलरेटर पिळत राहतात. उजेडासाठी, दुसरं काही नाही. पण पाम बीच रोडवर रात्री साडेनऊला सिग्नलला उभं राहून ॲक्सिलरेटर पिळण्याचा तिथे एक ठरलेला अर्थ आहे. शेजारच्या मोटारसायकलवरचा विशीतला पोरगा मामांकडे बघायचा, अंगठा वर करायचा आणि स्वतःही इंजिन गुरगुरवायचा. हिरवा दिवा लागला की तो सीवूड्सच्या पुढे निघून गेलेला असायचा आणि मामा दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डा चुकवत. तरी घरी येऊन ते सांगायचे, ''आजकालची मुलं फार आदरानं वागतात हो. सिग्नलला हात करतात.''

बल्बांचं आणखी एक दुखणं होतं. पुढचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज कुठे जाणार? ती बिचारी मागच्या बल्बकडे धावते, आणि मग तोही उडतो. एक गेला की दुसरा जातोच. म्हणून मामा बाजूच्या डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बल्ब ठेवत. मी एकदा पुडी उघडली तर बल्बांपेक्षा वर्तमानपत्र जुनं होतं. त्यात वाशीला लोकल येणार असल्याची बातमी होती.

पावसाळ्यात एका रात्री मामा भिजून, गुडघ्याला चिखल लावून घरी आले. खड्डा दिसला नाही, असं ते म्हणाले. मामी म्हणाल्या, ''दिसला नाही कसा? आत पडलात तेव्हा तरी दिसला ना?'' आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागला: एक तर लाईट नीट करून घ्या, नाहीतर दिवेलागणीच्या आत घरात या. मामांनी वयाच्या सत्तरीत दिवेलागणीच्या आत घरी येण्यापेक्षा स्कूटरची वीज बदलायचं ठरवलं.

सहाचे बारा करायचे, एवढंच. पण सोसायटीत कुणी काही करायचं ठरवलं की त्यावर चर्चा होते, आणि विजेचं काही करायचं ठरवलं की परिसंवाद होतो. आमच्या मामांच्या विंगमध्ये वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या २००५ साली झाल्या, पण काकांनी ते अजून मान्य केलेलं नाही. ते आजही 'बोर्ड' म्हणतात आणि लाईट गेली की 'आमच्या वेळी' म्हणतात. त्यांच्या पायाशी बसून मी जे शिकलो ते सांगतो, कारण बारा व्होल्ट म्हणजे दुप्पट जोर, असं समजणाऱ्यांत मी एकटा नसेन.

काका म्हणाले, ''हे बघा, तुम्हाला वाण्याला तीनशे साठ रुपये द्यायचेत. दहाच्या नोटांनी दिलेत तर छत्तीस नोटा मोजायच्या. वीसच्या नोटांनी दिलेत तर अठरा. वाण्याला पैसे तेवढेच मिळाले. मोजण्याची दगदग मात्र निम्मी. व्होल्ट म्हणजे नोट केवढ्याची ते. करंट म्हणजे नोटा किती ते. आणि वॅट म्हणजे एकूण पैसे.''

''आणि वायर?''

''वायर म्हणजे नोटा मोजणारा माणूस. जितक्या जास्त नोटा, तितका तो तापतो.''

मग त्यांनी मागच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. छत्तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर लावला तर सहा अँपिअर करंट लागतो, बारावर तीन. करंट निम्मा झाला की वायरीत वाया जाणारी उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. खरी मेख तर जोडांत आहे. नवी मुंबईची हवा खाडीची, खारी. स्कूटरचा पत्रा आतून गंजलेला, आणि अर्थिंग त्याच पत्र्यातून. समजा गंजलेल्या जोडांत एक व्होल्ट गळाला. सहातला एक गेला म्हणजे सहावा हिस्सा गेला. तोच जोड बारा व्होल्टच्या गाडीत असेल तर करंट निम्मा, म्हणून गळणार अर्धा व्होल्ट, म्हणजे बारातला चोविसावा हिस्सा. आणि बल्ब हा प्राणी असा की व्होल्टेज थोडं पडलं की त्याचा उजेड फार पडतो. थोडक्यात, मामांची स्कूटर कमी वीज बनवत नव्हती. बनवलेली वीज दिव्यापर्यंत जाता जाता वाटेत दक्षिणा द्यावी लागत होती.

हे सगळं ऐकून मामींनी एकच प्रश्न विचारला. ''म्हणजे खर्च करून तेवढाच दिवा लागणार?''

काका म्हणाले, ''हो, पण लागणार.''

जगानं हा हिशेब फार पूर्वी केला होता. मोटारी १९५० च्या दशकात सहावरून बारावर गेल्या. फोक्सवॅगनची बीटल हट्टानं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सहावर राहिली, पण मामांपुढे तिचा हट्ट काहीच नाही. अमेरिकेत हा संसार ट्रॅक्टरवर चालतो. १९४७ ते १९५२ या काळात बनलेले फोर्डचे ८एन ट्रॅक्टर तिथल्या शेतकऱ्यांनी अजून जिवापाड जपलेत. ते सहा व्होल्टचे, आणि वर त्यांचा प्लस अर्थला. बॅटरीची प्लस बाजू सांगाड्याला जोडलेली, म्हणजे आपण शिकलो त्याच्या बरोबर उलट. बारावर नेताना बहुतेक जण मायनस अर्थला घेतात, आणि मग तारा अदलाबदल केल्या नाहीत तर अँपिअरचा काटा चार्जिंग चालू असताना डिस्चार्ज दाखवतो. शेतकरी घाबरतो, ट्रॅक्टर मजेत असतो. स्टार्टर मात्र जुनाच ठेवतात. तो कुठूनही वीज द्या, त्याच दिशेला फिरतो. फरक एवढाच की पूर्वी तो कण्हत फिरायचा, आता दचकून फिरतो. हे मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, ''बघ, अमेरिकेत ट्रॅक्टर टाकून देत नाहीत. आणि इथे सेक्रेटरी मला स्क्रॅपवाल्याचा नंबर देतो.''

सामान आणायला कुर्ल्याला जायचं ठरलं. सीएसटी रोडवर गाड्यांचे सुटे भाग मिळतात. कुठल्या गाडीचे, हे विचारायचं नाही. बरोबर बी विंगमधले रेल्वेवाले काका निघाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आयुष्य त्यांनी ओव्हरहेड तारांच्या खात्यात काढलेलं, आणि 'व्होल्टेज बदलायचंय' हे शब्द पार्किंगमध्ये त्यांच्या कानावर पडल्यापासून ते अस्वस्थ होते. वीज मंडळाच्या काकांनी आपल्या आधी मत दिलं, हे त्यांना लागलं होतं. नेरूळहून लोकल सुटली, आणि जुईनगर यायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

''तुम्ही स्कूटरचं काय घेऊन बसलात? ज्या गाडीत बसलाय, तिचं काय झालं ठाऊक आहे?''

आम्हाला ठाऊक नव्हतं. डब्यातल्या कुणालाच नव्हतं. रोज या गाडीनं जाणाऱ्या माणसाला तिच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत असतात: किती मिनिटं लेट, आणि चौथी सीट मिळेल का.

काकांनी सांगितलेली हकीकत अशी. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला. उद्घाटनाला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. वीज होती १५०० व्होल्ट डीसी. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेनं २५,००० व्होल्ट एसी हा देशभरचा नियम ठरवला. देश त्याप्रमाणे वागला. मुंबई मात्र १५०० लाच चिकटून राहिली, कारण बदलायचं तर गाड्या थांबवाव्या लागतात, आणि मुंबईच्या गाड्या थांबवणं कुणाच्या बापाला शक्य आहे? (या ठिकाणी आमची गाडी मानखुर्दच्या बाहेर थांबली. काका दोन मिनिटं गप्प बसले.)

शेवटी पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये बदलली, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये, आणि सगळ्यांच्या शेवटी, ९ एप्रिल २०१६ च्या रात्री, हार्बर. म्हणजे जिथे १५०० व्होल्ट पहिल्यांदा आले, तिथूनच ते सगळ्यात शेवटी गेले. मधे एक्याण्णव वर्षं. आता यातली गंमत बघा. वाशीपर्यंत लोकल आली ती १९९२ साली, पनवेलला पोचली १९९८ साली. भोवती नवं शहर, नवी स्टेशनं, स्टेशनांवर ऑफिसांचे मजले, आणि वरच्या तारेत वीज गव्हर्नर विल्सनच्या जमान्यातली. ज्या गावात मामांच्या स्कूटरला नाकं मुरडतात, त्या गावाची रेल्वे जन्मली तीच जुन्या व्होल्टेजवर, आणि पुढे जवळजवळ पाव शतक तशीच धावली. मामांनी हे ऐकल्यावर खिडकीतून वाशीच्या पुलाकडे असं काही पाहिलं की खटला जिंकून बाहेर पडलेला पक्षकारही तसं बघणार नाही.

काकांचं गणित बोर्डवाल्यांच्या गणिताला धरूनच होतं, फक्त नोटांच्या जागी पेट्या होत्या. समजा एका लोकलला सुटताना ३००० किलोवॅट लागले. १५०० व्होल्टवर त्याचा करंट होतो २००० अँपिअर. २५,००० वर तेच काम १२० अँपिअरमध्ये होतं. दोन हजार अँपिअर लांबवर नेता येत नाहीत, म्हणून पूर्वी दर काही किलोमीटरला सबस्टेशन लागे. आता त्यातली बरीच निवृत्त झाली. ''माझ्यासारखी,'' काका म्हणाले.

पण व्होल्टेज वाढवणं म्हणजे फक्त बटण दाबणं नव्हे. वाढलेल्या दाबाला अंतर लागतं. वरची तार आणि पूल यांच्यामधली मोकळी जागा जी १५०० ला पुरत होती, ती २५,००० ला पुरेना. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूलच पाडावा लागला. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, तो बुटका पडत होता. ब्रिटिशांनी पूल बांधताना एवढा विचार केला नव्हता, याबद्दल काकांचा ब्रिटिशांवर राग आहे. सिग्नलांचंही सगळं उलटं करावं लागलं: ट्रॅक्शन डीसी असताना रुळांतली सिग्नलची वीज एसी ठेवायची, आणि ट्रॅक्शन एसी झालं की ती बदलायची, नाहीतर एकीला दुसरीची बाधा व्हायची. आणि हे सगळं रात्रीच्या ब्लॉकमध्ये, पहाटेची पहिली गाडी सुटायच्या आत.

''मग एका रात्रीत गाड्या कशा बदलल्या?'' मी विचारलं.

''गाड्या आधी बदलल्या. दोन्ही विजांवर चालतील अशा आणल्या. जुन्या हळूहळू काढल्या. मग वीज बदलली.''

मधली काही वर्षं मुंबईत दोन्ही विजा नांदत होत्या. एकीचा मुलूख संपून दुसरीचा सुरू होताना मधे तारेचा थोडा तुकडा बिनविजेचा असे. तिथे डब्यातले पंखे थांबत, दिवे जात, आणि गाडी आपल्या वेगावर अंधारात पुढे सरके. बाहेरगावचा पाहुणा दचकून उठायचा. पत्त्यांचा डाव मात्र थांबत नसे. हातातली पानं पाठ असत, आणि अंधारात ज्याची उतारी असेल तो खुशाल उतारी करायचा. नंतर उजेडात भांडण.

मामांना ही दुहेरी व्यवस्था फार आवडली. ''म्हणजे निम्मी स्कूटर सहावर आणि निम्मी बारावर असं होतं का?'' असं त्यांनी कुर्ल्याला उतरेपर्यंत मला विचारलं. मी म्हटलं मिस्त्रीला विचारू. या 'विचारू'चा परिणाम पुढे येईलच.

हार्बरची वीज बदलली तेव्हा आणखी एक प्रकार घडला होता, तो मीच ऐकलेला. 'हार्बर एसी झाली' हे कळल्यावर आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी एप्रिलच्या उन्हात स्वेटर आणायचा का, असं विचारलं होतं. नंतर कुर्ल्याच्या फलाटावर घामानं भिजून उभे असताना ते म्हणाले, ''सरकार बोलतं एक आणि देतं एक.'' खरी थंड लोकल हार्बरवर आली डिसेंबर २०२१ मध्ये. तिला प्रवासी मिळेनात, म्हणून मे २०२२ मध्ये त्या फेऱ्या बंद करून गाड्या मुख्य मार्गाकडे वळवल्या. तिकीट परवडत नव्हतं, हे खरं कारण. आमचे गृहस्थ मात्र म्हणतात, ''मी स्वेटर आणला नव्हता, म्हणून.''

असो. मिस्त्रीकडे या.

मिस्त्री तुर्भ्याचा. त्याच्या टपरीत नवी गाडी दुरुस्तीला गेली तर तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही. 'हिच्यात काही नाही. शोरूमला न्या,' म्हणतो. मामांची चेतक दिसल्यावर मात्र त्याने हातातली बिडी विझवली आणि हात पुसले. मॅग्नेटचं झाकण काढलं. पुलर लावून मॅग्नेट ओढून काढला. आतल्या प्लेटवर काळं तेल, मेलेलं एक झुरळ आणि झिजलेला पॉइंट. या पॉइंटची फट बरोबर ठेवणं ही जुन्या मिस्त्र्यांची विद्या. कंपनी मिलिमीटरमध्ये माप देते, पण आमच्याकडे ती फट करवतीच्या तुटक्या ब्लेडनं मापतात, आणि ते ब्लेड मिस्त्री मुलाच्या हातीसुद्धा देत नाहीत. आता नव्या प्लेटला पॉइंटच नव्हता. सगळं इलेक्ट्रॉनिक. मिस्त्रीनं ब्लेड एकदा फटीत घालून बघितलं, मग कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून दिलं, आणि सीडीआयच्या काळ्या डबीकडे बघत म्हणाला, ''हिला उघडता येत नाही. बिघडली की फेकायची.'' त्याच्या लेखी यापेक्षा मोठी शिवी नव्हती.

नवी प्लेट, नवा मॅग्नेट, सीडीआय, रेग्युलेटर, बल्ब, वायरिंग. रेग्युलेटर म्हणजे इतकी वर्षं मधे विचारणारा कुणी नव्हता, तो. इंजिन कितीही ओरडो, हा दिव्याला ठरलेलं तेवढंच देतो. जुनी वायरिंग ओढून काढली तर आतल्या तांब्याला हिरवा गंज चढलेला, आणि एके ठिकाणी जोडाला इन्सुलेशन टेपऐवजी सत्यनारायणाच्या पूजेतला दोरा. मामा म्हणाले, ''तात्पुरतं केलं होतं.'' मामी म्हणाल्या, ''आपल्या पिंट्याच्या दहावीच्या वेळी.'' पिंट्या आता त्या आयटी पार्कात टीम लीड आहे.

नवी वायर बारीक बघून मामा बिथरले. ''वीज दुप्पट आणि वायर निम्मी? मला फसवतोयस.'' मिस्त्री म्हणाला, ''मामा, बाराला बारीकच लागते.'' मामांनी तिथून बोर्डवाल्या काकांना फोन लावला. पलीकडून वीस मिनिटं नोटा मोजल्या गेल्या. फोन ठेवून मामा मिस्त्रीला म्हणाले, ''बरोबर आहे तुझं. पण थोडी जाडच घाल.''

मग मिस्त्रीला तो दुहेरी व्यवस्थेचा प्रश्न विचारण्यात आला. मिस्त्री म्हणाला, ''हॉर्न सहाचाच राहू द्या. बाराचा मिळतो, पण कशाला खर्च?'' मामांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मागच्या ब्रेकच्या बल्बबद्दल कुणीच काही बोललं नाही. तो कुणाच्या लक्षातच नव्हता.

किक मारायच्या आधी मामांनी सवयीनं स्कूटर डावीकडे तिरकी केली, पेट्रोल उतरू दिलं, सरळ केली. पहिल्याच किकला इंजिन लागलं. त्यांना हे आवडलं नाही. तीन-चार किका, मधे दम, मधे चोक, मधे देवाचं नाव, असा त्यांचा क्रम ठरलेला. दिवा लावला. टपरीच्या समोरची भिंत उजळली आणि भिंतीवरच्या 'येथे लघवी करू नये'तलं प्रत्येक अक्षर वाचता आलं. मामा भारावून ब्रेकवर उभे राहिले. मागचा बल्ब सहाचाच होता. त्यानं एकदा असा लख्ख उजेड दिला की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं वळून पाहिलं, आणि त्याच क्षणी तो गेला. मिस्त्री म्हणाला, ''तो राहिलाच बघा.'' मग मामांनी हॉर्न वाजवला.

सहाचा हॉर्न बारावर वाजतो कसा, हे शब्दांत सांगणं कठीण. समोर पाठमोरा उभा असलेला एक इसम भिंतीपाशी आपलं काम अर्धवट टाकून पळाला. भिंतीवरची सूचना इतकी वर्षं जे करू शकली नव्हती, ते एका दाबात झालं. मिस्त्री म्हणाला, ''राहू द्या असाच.''

पुढचे काही दिवस मामा खुशीत होते. रात्री मुद्दाम बाहेर पडायचे. दिवा सिग्नलला मंदावत नाही, हे दाखवायला मला पाम बीचवर मागे बसवून नेलं. गाडी थांबली, दिवा तसाच. मामांचा उजवा हात सवयीनं ॲक्सिलरेटरवर गेला आणि तिथेच राहिला, कारण पिळायला काही कारण उरलं नव्हतं. शेजारी एक पोरगा येऊन थांबला. त्यानं मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. हिरवा दिवा लागला, तो निघून गेला. परत येताना मामा गप्प होते. मग म्हणाले, ''एवढा खर्च केला, पण स्कूटर काही पूर्वीपेक्षा जोरात जात नाही.''

मी म्हटलं, ''मामा, हार्बरवर जवळजवळ सतरा पट व्होल्टेज वाढवलं, तरी सीएसएमटी ते पनवेल सव्वा तास लागतोच की.''

''मग वाढवलं कशाला?''

हा प्रश्न दोन्ही काकांना एकाच वेळी पार्किंगमध्ये विचारला गेला आणि त्यानंतर त्या दोघांचं एकमेकांशी जमेनासं झालं. एक म्हणतात वीज वाचते, दुसरे म्हणतात गाड्या वाढवता येतात. नवी गाडी ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडते, असंही रेल्वेवाल्या काकांनी सुनावलं. बोर्डवाले काका म्हणाले, ''आमच्या वेळी गेलेली वीज कुणी परत करत नसे.''

आता नवंच प्रकरण उभं राहिलंय. सूनबाईंनी इलेक्ट्रिक चेतक घेतली. होय, चेतकच. त्याच नावानं ती २०२० पासून रस्त्यावर आली आहे. तिच्या बॅटरीचं व्होल्टेज पन्नासच्या आसपास. मामांच्या जुनीशेजारी ती उभी राहिली आणि मामांच्या बारा व्होल्टांचं तोंड उतरलं. शिवाय चार्जिंगसाठी पार्किंगमध्ये प्लग हवा, प्लगसाठी सोसायटीचा मंजूर भार वाढवायला हवा, आणि भार वाढवण्यासाठी सर्वसाधारण सभा हवी. सभा बोलावली. गणपूर्ती झाली नाही. अर्ध्या तासानं तहकूब सभा भरली तेव्हा बोर्डवाल्या काकांनी पुन्हा नोटांपासून सुरुवात केली आणि चार सभासद उठून गेले. ठराव पुढच्या सभेत. तोवर सूनबाई चौथ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतात आणि सेक्रेटरी रोज त्याचा फोटो काढतात.

मामा परवा तुर्भ्याला जाऊन आले. मी बरोबर होतोच. मिस्त्री एका जुन्या लॅम्ब्रेटाच्या खाली झोपला होता. मामांनी उभ्या उभ्याच विचारलं, ''काय रे, बाराच्या वर चोवीसचं किट येतं का?''

मिस्त्री खालूनच म्हणाला, ''येतं ना मामा. पण त्याच्यासोबत ट्रक घ्यावा लागतो.''